सातव्या जागेची चिठ्ठी

डॉक्टर वेणूबाई चांदोरकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दाराच्या फटीतून. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या आमच्या घरी धाकटी जाऊ अडली होती. सुईणीने हात टेकले, तेव्हा सासऱ्यांनी मनाविरुद्ध जनाना दवाखान्याकडे टांगा धाडला. टांग्यातून बाई उतरल्या त्या नऊवारीत, हातात पेटी आणि पायात चक्क बूट. बूट पाहून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि मी दाराआड झाले. "पेटीतली कार्बोलिकची बाटली द्या हो कुणीतरी," आतून आवाज आला. कुणी हलेना, म्हणून मीच पेटी उघडून बाटली नेऊन दिली. बाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"इंग्रजी वाचता येतं?"

"नाही बाई."

"मग ही काय वासाने ओळखलीत? बूच तर घट्ट आहे."

माझे कान असे तापले की विचारू नका. वाचता येत होतं. आमच्या घरच्यांनी, म्हणजे ह्यांनी, दिवे लागल्यावर थोडंथोडं शिकवलं होतं, पण सासूसमोर कबूल कोण करणार? जाऊ सुखरूप सुटली, मुलगा झाला. हात धुताधुता बाई सासूबाईंना म्हणाल्या, "ह्या तुमच्या थोरल्या सुनेला दुपारच्या वेळी दवाखान्यात पाठवत जा. मला वाचून दाखवणारं माणूस हवंय."

"तिला कुठलं येतंय वाचता!" सासूबाई म्हणाल्या.

"येतं. लाज वाटते, एवढंच."

नातू मांडीवर होता म्हणून सासूबाई नाही म्हणू शकल्या नाहीत. तेव्हापासून आजपर्यंत मी बाईंच्या हाताखाली आहे, आणि लाजही तेव्हापासून आजपर्यंत माझ्या मानगुटीवर आहे. ह्या गौरवग्रंथात मोठमोठे वकील, मास्तर, म्युनिसिपालिटीचे मेंबर बाईंच्या कार्याविषयी भारदस्त लिहितील. मला ते जमायचं नाही. संपादकमंडळी घरी आली आणि "बाईंच्या साठीनिमित्त तुम्ही ती गोष्ट लिहा" म्हणाली, तेव्हा मी साफ नकार दिला. 'ती गोष्ट' बऱ्हाणपुरात कुणाला ठाऊक नाही? अजून हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी कोपरखळी मारतंच, "बसा, बसा, सातव्या जागेवर बसा!" हसं झालं ते झालं, आता ते छापूनही काढायचं? पण मग खुद्द बाईंचा निरोप आला: "लिहा. मात्र संदर्भ पूर्ण द्या. अर्धवट संदर्भ मी कुणाचा चालवून घेतलेला नाही, तुमचाही घेणार नाही." ह्या एका वाक्याने माझी झोप उडवली. का उडवली, ते सगळं सांगितल्यावर कळेल.

संदर्भ म्हणजे काय, हे मी बाईंकडे शिकले. दवाखान्यात येणारी प्रत्येक सासू काही ना काही 'म्हणे' घेऊन यायची. बाळंतिणीला पाणी देऊ नये म्हणे, खिडकी उघडू नये म्हणे. बाई शांतपणे विचारायच्या, "कोण म्हणे? नाव काय? गाव कुठलं? स्वतः पाहिलं की ऐकलं?" माझ्या सासूबाई एकदा जावेचं बाळ दाखवायला आल्या आणि ह्या तपासणीत सापडल्या. घरी येऊन म्हणाल्या, "बाई आहे की फौजदार!" पण त्या दिवसापासून आमच्या घरात 'म्हणे' हा शब्द दबकून यायला लागला.

आणि हीच बाईंची शिस्त भल्या गोष्टीलाही तेवढीच कडक. शाहपूर-निंबोल्याकडच्या बायका बऱ्या होऊन गेल्या की घरून केळीचे घड पाठवायच्या. बाई ती केळी सगळ्या खाटांवर वाटायच्या आणि प्रत्येकीला सांगायच्या, "हे निंबोल्याच्या सखूच्या मळ्यातलं, खा." मी एकदा म्हटलं, "बाई, केळ्याला कशाला हवंय नाव?" त्या म्हणाल्या, "सखूने पाठवलं म्हणून आलं ना? मग माझ्या हातून वाटलं गेलं एवढ्यावर ते माझं कसं होईल?" असं उत्तर आल्यावर माणसाने खाली मान घालून केळं सोलावं, दुसरं काय करणार!

आता ती गोष्ट.

बाईंच्या दवाखान्यात अशा तरुण बायका यायच्या की ज्यांना धड चालता येत नसे. बदकासारख्या डुलत, भिंत धरत यायच्या. कंबर दुखते, मांड्या दुखतात, आणि बाळंतपणात तर जिवाशी गाठ. हाडं मऊ पडायची. सगळ्या पडद्यातल्या, शहरातल्या जुन्या गल्ल्यांतल्या, जिथे आतल्या खोल्यांत भर दुपारी समई लावावी लागते. शेतावर राबणाऱ्या सखूसारखीला हा रोग कधी दिसला नाही. बाईंनी बरीच वर्षं टिपणं ठेवली आणि मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकासाठी इंग्रजीत लेख लिहिला. हौस म्हणून नव्हे हो! दवाखान्यामागे उंच भिंतीचा एक चौक बांधून मिळावा, जिथे पडदा न मोडता बायकांना उन्हात बसता येईल, अशी त्यांची मागणी होती. दवाखान्याची कमिटी दाद देत नव्हती. "ऊन हे काय औषध आहे?" असं एक मेंबर तोंडावर म्हणाले होते. लेख छापून आला तर कमिटीला गप्प बसावं लागेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या चौकावर कितीजणींचे पाय अवलंबून होते, ते मला दिसत होतं, मी रोज त्यांना धरून खाटेपर्यंत नेत होते.

लेखापेक्षा लेखाच्या शेपटीचं काम जास्त. त्या मासिकाचा नियम असा होता की मजकुरात जिथे दुसऱ्या कुणाचं म्हणणं येईल तिथे आकडा घालायचा, आणि शेवटी त्याच क्रमाने यादी द्यायची. आधी आडनाव, मग नावाची अक्षरं, मग लेखाचा मथळा, मग मासिकाचं नाव आखडून, खंड, अंक, पान. स्वल्पविराम कुठे, टिंब कुठे, तेसुद्धा ठरलेलं. बाई पुस्तकं आणि जुने अंक रेल्वेच्या पार्सलने मागवायच्या आणि डोळ्यांनी पान पाहिल्याशिवाय चिठ्ठी करायच्या नाहीत. अशा चिठ्ठ्या दवाखान्याच्या ओसरीवर जाजमावर ओळीने मांडल्या होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर औषधाचा पेला पालथा घातलेला. मी एकेक चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचायची आणि बाईंनी टाइपरायटरवर उतरवायची, असा बेत होता.

सहा झाल्या. परदेशी नावं, मी अडखळत का होईना पण बिनदिक्कत वाचली. सातवा पेला उचलला आणि जीभ टाळूला चिकटली. सातवी चिठ्ठी आमच्या घरच्यांची होती.

हे तेव्हा शाहपूरच्या दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन होते. शहरातल्या घरांत बोलावणं आलं की जायचे, तिथे त्यांनीही ह्याच रोगाच्या दोन-चार बायका पाहिल्या होत्या, आणि त्याच मासिकात एक छोटी नोंद लिहिली होती. राजपुऱ्याच्या अंधाऱ्या खोल्यांबद्दल पहिल्यांदा लिहिलं ते ह्यांनी. जन्मात छापून आलेलं तेवढं एकच पान! तो अंक त्यांनी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बाईंनी तो मागून घेतला, पान पाहिलं आणि चिठ्ठी केली, तेव्हा हे शाहपूरला आठवडाभर मान ताठ करून चालत होते म्हणे. (बाई, हा 'म्हणे' त्यांच्या कंपाउंडरचा आहे.)

आता नवऱ्याचं नाव मी मोठ्याने कसं घ्यायचं? आजकालच्या मुली हसतील. पण माझ्या तोंडून लग्नानंतर ते नाव निघालेलं नव्हतं. नावात देवाचं नाव आहे म्हणून मी त्या देवळाचं नावसुद्धा घेत नसे, 'नाशिकजवळचे ते महादेव' म्हणायची. बरं, चिठ्ठी जाजमावर तशीच ठेवावी तर त्यावर कुणाचा पाय पडेल ही धास्ती. मी ती हळूच उचलली, ओच्यात खोचली आणि पुढची वाचली. मनात म्हटलं, सगळं झालं की खाली बघून बाईंच्या हातात देईन, नाव त्यांना ठाऊकच आहे, त्या घालून घेतील.

शेवटची चिठ्ठी वाचून होते तोच आतून हाक आली, अडलेली बाई आली होती. बाई ताडकन उठल्या. एरवी त्या मजकूर आणि यादी आकडा-आकडा ताडून पाहत. पण त्या वेळी पदर खोचताखोचता मला फक्त म्हणाल्या, "सगळ्या झाल्या ना?"

आणि मी मान हलवली.

त्या मान हलवण्याची लाज मला आजही वाटते. नाव घेता आलं नाही ह्याची नाही, ती रीतच होती. पण 'एक राहिली' एवढे दोन शब्द बोलायला कुठली रीत आडवी आली होती? "मग पाकिटात घालून टपालात द्या," म्हणून बाई गेल्या, आणि मी दिलं.

चिठ्ठी घरी नेली आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी नेऊन देणार होते, तर त्याच दिवशी मी बाहेरची झाले. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, दवाखान्यात जायचं नाही. काय काय छापून घ्यावं लागतंय बघा! न्हाऊन दवाखान्यात गेले तेव्हा वाटलं, टपाल तर गेलं, बाईंनी काही विचारलं नाही, म्हणजे त्यांनी आपलं आपण मागाहून कळवलं असेल. असं माणूस स्वतःला समजावतं, आणि गंमत म्हणजे समजतंही.

मग संपादकसाहेबांचं उत्तर आलं. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं की सातव्या आकड्याप्रमाणे पाहिलं असता तो लेख घोड्यांच्या हाडांवरचा निघाला, तरी घोड्यांच्या डॉक्टरांनी बऱ्हाणपूरच्या पडदानशीन स्त्रियांची घरं केव्हा आणि कशी पाहिली ते कळवावं. पुढचे सगळेच आकडे एका घराने सरकले आहेत, शेवटच्या आकड्याला तर यादीत कुणी वालीच नाही. लेखिकेने ही पुस्तकं स्वतः पाहिली आहेत की दुसऱ्याच्या लेखातून यादी उतरवली आहे, अशी शंका येते. यादी दुरुस्त होऊन आली नाही तर लेख परत करू.

उतरवली आहे! बाईंनी! केळ्यालासुद्धा मळ्याचं नाव लावणाऱ्या बाईंनी! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

वॉर्डात बायकांच्या खाटांमध्ये टेबल होतं, तिथेच बाई मजकूर घेऊन बसल्या. "पाच बरोबर. सहा बरोबर. सात…" त्या थांबल्या. "सातवी तर शाहपूरची नोंद होती. सरस्वतीबाई, शाहपूरची चिठ्ठी कुठंय?"

मी पदराचं टोक पिळत उभी. शेवटी पुटपुटले, "देव्हाऱ्यात."

"कुठे?"

"अन्नपूर्णेच्या मागे."

बाईंनी मजकूर खाली ठेवला. आता सुटतं व्याख्यान, मला वाटलं. बाई सुधारक, बूट घालणाऱ्या, एकट्या टांग्यात बसणाऱ्या. रूढी, अज्ञान, स्त्रीजात, सगळं ऐकायची मी तयारी केली. खरं सांगते, ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "चूक माझी. तुम्ही वाचू शकणार नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि ताडून न पाहता मी लेख धाडायला नको होता." ह्या बोलण्याने मी जी रडायला लागले, ती थांबेचना.

"रडून संदर्भ पुरा होत नाही," बाई म्हणाल्या. "लग्नात नाव घेतलं होतंत?"

मी मान हलवली. ह्या वेळी खरी.

"उखाण्यात?"

"हो."

"मग उखाण्यात चालतं ना? आज टपाल निघायच्या आत घ्या. मी टाइप करते. पण नुसतं नाव नको. खंड, अंक, पान सगळं आलं पाहिजे. पान चुकलं तर पुन्हा घ्यावं लागेल."

वॉर्डात जी कालवाकालव झाली! खाटेवरून कधी मान न उचलणाऱ्या उठून बसल्या. बाळंतपणाला आलेली निंबोल्याची सखू ओरडली, "घे ना वो बाई, धन्याचं नाव घे! लाजतेस कायले?" कोपऱ्यातल्या खाटेवर सराफ्यातली एक पडदेवाली होती, चालता न येणारी, तिने बुरख्यातून आवाज दिला, "बोल दो ना बहन, यहाँ कौन मर्द बैठा है!"

खंड, अंक, पान तर मला तोंडपाठच होतं. मी भिंतीकडे तोंड केलं, जुळवलं आणि पुटपुटले.

"पान ऐकू आलं," बाई यंत्रावर बोटं ठेवून म्हणाल्या, "लेखक कोण ते नाही आलं. पुन्हा."

सगळा वॉर्ड खिदळला. मग मात्र मी डोळे मिटले आणि असा काही आवाज लावला की बाहेर लिंबावरचे कावळे उडाले. टाइपरायटर खडखडला, बायकांनी टाळ्या पिटल्या, सराफ्यातल्या त्या बहिणीने तर बसल्या जागी माझी अलाबला घेतली. आणि डोळे उघडते तो काय! खिडकीपलीकडे, औषधांची पेटी न्यायला म्हणून शाहपूरहून आलेले आमच्या घरचे, छत्री उघडायची की मिटायची हे विसरून उभे. माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून थेट टांग्याकडे चालू लागले. पेटी तशीच राहिली. संध्याकाळी घरी आमटीत मी मीठ घालायला विसरले, ह्यांनी ती दोनदा मागून घेतली.

बाईंनी दुरुस्त यादीबरोबर जे पत्र धाडलं ते मीच पाकिटात घातलं. त्यात माझा उल्लेख नव्हता. यादी तपासणं हे लेखिकेचं काम होतं आणि ते तिने केलं नाही, एवढंच होतं. मी म्हटलं, "बाई, हे खरं नाही." त्या म्हणाल्या, "ह्यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवा." मी गोंद लावून पाकीट बंद केलं.

लेख छापून आला. कमिटीने कुरकुरत का होईना चौक मंजूर केला. आज दवाखान्यामागे तो चौक आहे, उंच भिंतीचा, वरून सगळा मोकळा. थंडीच्या दिवसांत बायका तिथे पाय पसरून बसतात, लेकरांना तेल लावतात, मटार सोलतात, उखाणे घेतात. ती सराफ्यातली बहीण काठी टेकत का होईना, पण आपल्या पायांनी घरी गेली. सातव्या जागी ह्यांचं नाव आलं. तो अंकही आता त्याच मलमलीच्या फडक्यात आहे.

बाईंना साठ वर्षं पुरी झाली. हल्ली गुडघे कुरकुरतात म्हणून मी त्यांना हात धरून चौकात नेऊन बसवते, तर मलाच दटावतात, "मला नका धरू, तिकडे ती नवी पोर धडपडतेय तिला धरा." इतक्या जणींची हाडं ज्यांनी राखली, त्यांची हाडं देवाने शंभरी ओलांडेपर्यंत टणक ठेवावीत, दृष्टी बारीक टाइप वाचण्याइतकी शाबूत ठेवावी, आणि आमच्यासारख्यांची 'म्हणे' पकडण्याची त्यांची खोड अजिबात जाऊ देऊ नये, एवढंच मागणं मी त्या नाशिकजवळच्या महादेवापाशी मागते.

राहिली बाईंची अट. आजवर चार ओळी कुठे छापून आल्या तर मी खाली 'राजपुऱ्यातील एक भगिनी' अशी सही केली आहे. लाज, दुसरं काय! वॉर्डात घेतलेलं नाव हवेत विरलं, हे तर छापून कायमचं राहणार. आत्ता हे लिहिताना आमच्या घरचे समोर झोपाळ्यावर बसले आहेत. वर्तमानपत्र उलटं धरलं आहे. झालं का लिहून, असं विचारत नाहीत आणि उठूनही जात नाहीत. कान असे तापलेत की विचारू नका. पण बाई, तुमच्याकडे एकदा खोटी मान हलवली, ती पुरे झाली. घ्या संदर्भ, पूर्ण:

खंड चौथा, अंक तिसरा, छप्पन्नावं पान,
त्र्यंबकरावांच्या नोंदीला सातव्या जागी स्थान.

— सौ. सरस्वतीबाई त्र्यंबक देवळे
राजपुरा, बऱ्हाणपूर